सहा ऑप्शन, चोवीस यंत्रं: कॉन्फिगर होणाऱ्या सॉफ्टवेअरचा सेमिस्टर प्रोजेक्ट कसा करावा

सॉफ्टवेअरमध्ये ‘हो-नाही’ असा एक ऑप्शन वाढवायला दहा मिनिटं पुरतात. त्याच दहा मिनिटांत तपासायच्या कॉन्फिगरेशनची, म्हणजे ऑप्शनच्या वेगवेगळ्या निवडींची, संख्या दुप्पट होते. एकमेकांशी संबंध नसलेले चाळीस ऑप्शन धरा आणि एक कॉन्फिगरेशन एका सेकंदात तपासून होतं असं समजा. सगळी तपासायला ३४ हजार वर्षांहून जास्त लागतील. लिनक्सच्या कर्नलमध्ये ऑप्शन १५ हजारांच्या वर आहेत आणि तो रोज बिल्ड होतो. हे कसं जमतं ते कळण्यासाठी छोटा नमुना घेऊन हाताने करून बघणं हाच चांगला मार्ग आहे. फीचर मॉडेलच्या (कोणतं फीचर सक्तीचं, कोणतं कशावर अवलंबून हे दाखवणाऱ्या झाडाच्या) नुसत्या आकृत्या काढून त्यातलं काही हाती लागत नाही.

खालची पद्धत तीन-चार जणांच्या गटाला बारा आठवड्यांत पुरी करता येते. सी भाषा, मेक आणि गिट येतं असं धरलं आहे. इथे कमांड, कीवर्ड आणि आकडे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टंकायचे.

विषय निवडताना

दोन रस्ते आहेत. एक तर सहा ते बारा ऑप्शनचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर लिहा, नाहीतर तयार सॉफ्टवेअर घेऊन त्यातले आठ-दहा ऑप्शन निवडा आणि बाकीचे एका ठरावीक किमतीवर खिळवून टाका. तयार सॉफ्टवेअरमध्ये बिझीबॉक्स (लिनक्सच्या रोजच्या कमांडचा छोटा संच) सोयीचं पडतं. ते लवकर बिल्ड होतं आणि त्याची मेनूकॉन्फिगची, म्हणजे मेनूतून ऑप्शन निवडायची, पद्धत कर्नलसारखीच आहे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्यायचा असेल तर एक खाचखळगा आधीच माहीत असू द्या. त्याचे ‘ओमिट’ नावाने सुरू होणारे ऑप्शन एकत्र केलेल्या एकाच मोठ्या सी फाइलवर नीट चालतीलच असं नाही. पार्सर आणि कीवर्डचा तक्ता बिल्डच्या वेळी तयार होतो आणि त्यालाही तेच ऑप्शन कळावे लागतात. त्यामुळे मूळ सोर्सपासूनच बिल्ड करा.

वेबसाइटचे रंग बदलणारे ऑप्शन घेऊन काही साधत नाही. दोन ऑप्शन एकाच डेटाला हात लावत असतील तरच त्यांची एकमेकांशी टक्कर होते, आणि आपल्याला तीच टक्कर बघायची आहे.

ऑप्शनची यादी झाली की प्रत्येकापुढे तो कधी ठरतो ते लिहा: कंपाइल करताना, प्रोग्राम सुरू होताना की चालू असताना. कंपाइलच्या वेळी ठरणारा ऑप्शन मेमरी वाचवतो, पण तो बदलायचा तर पुन्हा बिल्ड करावं लागतं. चालू असताना बदलणारा ऑप्शन सोयीचा खरा, पण मधेच बदलला तर अर्धवट झालेल्या कामाचं काय, हा प्रश्न तो सोबत आणतो. पहिल्या प्रोजेक्टला सगळे ऑप्शन कंपाइलच्या वेळचे ठेवा.

मॉडेल: झाड, नियम आणि मोजणी

उदाहरणासाठी एसटीच्या वाहकाच्या हातात असतं तसं तिकीटयंत्र घेऊ. हे वर्गापुरतं रचलेलं आहे, खऱ्या यंत्राची नक्कल नाही. छपाई असायलाच हवी. भरणा असायलाच हवा. त्यात रोख, यूपीआय आणि कार्ड यांपैकी किमान एक, हवं तर तिन्ही. नेटवर्क ऐच्छिक, सवलत ऐच्छिक. पडदा छोटा किंवा मोठा, दोन्हींपैकी नेमका एक.

फीचरचं असं झाड काढायची पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये कांग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, डेव्हिड पार्नस यांनी प्रोग्रामचं ‘कुटुंब’ ही कल्पना मांडली होती: एकेक प्रोग्राम सुटा लिहिण्यापेक्षा सगळ्यांत समान काय आहे ते आधी ठरवा. आकृतीत भरीव ठिपका म्हणजे सक्तीचं, पोकळ ठिपका म्हणजे ऐच्छिक. फांद्यांवरचा पोकळ कंस ‘नेमका एक’ सांगतो आणि भरीव कंस ‘किमान एक’.

झाडात न मावणारे नियम खाली वेगळे लिहायचे. आपल्या यंत्राचे तीन आहेत. यूपीआयला नेटवर्क लागतं. कार्डाला नेटवर्क लागतं. यूपीआयचा क्यूआर कोड प्रवाशाला दाखवायचा म्हणून यूपीआयला मोठा पडदा लागतो.

आता मोजा, आणि पहिल्या खेपेला कागदावरच मोजा. निर्णय सहा: रोख, यूपीआय, कार्ड, नेटवर्क, सवलत आणि पडदा. नुसत्या जोड्या जुळवल्या तर ६४ होतात. नियम लावून तीन भाग करा. यूपीआयही नाही आणि कार्डही नाही, तेव्हा रोख असलीच पाहिजे. नेटवर्क आणि पडदा मोकळे, म्हणून ४. कार्ड आहे पण यूपीआय नाही, तेव्हा नेटवर्क सक्तीचं. रोख आणि पडदा मोकळे, म्हणून ४. यूपीआय आहे, तेव्हा नेटवर्क आणि मोठा पडदा दोन्ही सक्तीचे. रोख आणि कार्ड मोकळे, म्हणून पुन्हा ४. एकूण १२. सवलत स्वतंत्र, म्हणून दुप्पट: २४. बाकीची ४० यंत्रं अस्तित्वातच येऊ शकत नाहीत.

हीच मोजणी नंतर प्रोग्रामकडून करून घ्या. दोन आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा नियम लिहिताना दिशा उलटी झालेली असते. ‘यूपीआयला नेटवर्क लागतं’ याऐवजी ‘नेटवर्कला यूपीआय लागतं’ असं लिहिलं जातं. असा नियम कागदावर वाचताना डोळा सहज फसतो. मोजल्यावर मात्र तो लपत नाही.

सगळे नियम एकदम पाळणारी निवड आहे का ते शोधणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे सॅट सॉल्व्हरला, मॉडेल द्यायचं ते डायमॅक्स नावाच्या साध्या मजकूर फाइलमधून. रोख १, यूपीआय २, कार्ड ३, नेटवर्क ४, सवलत ५, मोठा पडदा ६ असे क्रमांक द्या. मोठा पडदा नाही म्हणजे छोटा, म्हणून पडद्याला एकच क्रमांक पुरतो. फाइल अशी होते:

पी सीएनएफ ६ ४
१ २ ३ ०
-२ ४ ०
-३ ४ ०
-२ ६ ०

पहिली ओळ सांगते की चलं सहा आणि कलमं चार. पुढच्या प्रत्येक ओळीत एक कलम आहे. त्यातली किमान एक गोष्ट खरी असली पाहिजे. उणे चिन्ह म्हणजे ‘नाही’, शेवटचं शून्य म्हणजे कलम संपलं. ‘यूपीआय नाही किंवा नेटवर्क आहे’ हा ‘यूपीआयला नेटवर्क लागतं’ याचाच दुसरा अवतार. सवलतीवर एकही कलम नाही, तरी पहिल्या ओळीत सहाच लिहा. पाच लिहून बाकीचे क्रमांक तसेच ठेवले तर काही सॉल्व्हर तक्रार करतात आणि काही गुपचूप चुकीचं उत्तर देतात. मिनीसॅट पुरेसं आहे. पायथनमधून काम करायचं असेल तर पायसॅट.

सॉल्व्हरला दोन प्रश्न विचारून घ्याच. पहिला: हे फीचर कधी चालू होऊ शकतं का? मूळ कलमांत ‘२ ०’ एवढं एक कलम जोडा, पहिल्या ओळीतली कलमांची संख्या वाढवा आणि चालवा. उत्तर ‘अनसॅटिस्फायेबल’ (अशी एकही निवड जमत नाही) आलं तर यूपीआय मेलेलं फीचर आहे. दुसरा प्रश्न त्याच्या उलट: हे फीचर कधी बंद होऊ शकतं का? ‘-२ ०’ जोडून उत्तर नकारार्थी आलं, तर ऐच्छिक म्हणून रंगवलेलं फीचर प्रत्यक्षात सक्तीचं आहे.

मेलेलं फीचर कसं जन्माला येतं ते याच यंत्रात दिसतं. समजा, जुन्या प्रिंटरच्या सर्किटवर छोटाच पडदा बसतो. कुणीतरी घाईत नियम लिहिला: छपाईला छोटा पडदा लागतो. म्हणायचं होतं ‘जुन्या प्रिंटरला’, पण मॉडेलमध्ये ते फीचरच नव्हतं, म्हणून जवळचं नाव लावलं. छपाई सक्तीची आहे. म्हणजे पडदा कायमचा छोटा, मोठा पडदा मेला आणि त्याच्या मागोमाग यूपीआयही मेलं. चोवीस यंत्रांची आठ उरली. कंपाइलर यावर चकार शब्द काढत नाही. यूपीआयच्या टेस्ट कधी चालतच नाहीत, त्यामुळे त्या नापासही होत नाहीत. म्हणून नवा नियम जोडला की दोन्ही प्रश्न सगळ्या फीचरना पुन्हा विचारा. सहा फीचर असोत की सहाशे, सॉल्व्हरला त्याचं ओझं वाटत नाही.

कोडमध्ये ऑप्शन घालताना

सीमधला रुळलेला मार्ग म्हणजे इफडेफ. तो वापरा, पण डोळे उघडे ठेवून. हा तुकडा बघा:

#इफडेफ नेटवर्क
  इफ (जोडणी_आहे) पाठवा(); एल्स
#एंडइफ
  साठवा();

नेटवर्क चालू असो वा बंद, हा कोड कंपाइल होतो आणि बरोबरही चालतो. पण महिन्याभराने कुणीतरी ‘साठवा’च्या आधी नोंद छापायची एक ओळ घालतो. नेटवर्क चालू असेल तर ती ओळ ‘एल्स’ला चिकटते आणि ‘साठवा’ दर वेळी चालतं. प्रत्येक तिकीट सर्व्हरवर जातं आणि साठ्यातही राहतं. दिवसाअखेर हिशोब दुप्पट. नेटवर्क बंद ठेवून टेस्ट करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. नियम करून टाका: इफडेफच्या आत पूर्ण विधान किंवा पूर्ण फंक्शन असलं पाहिजे, अर्धं वाक्य कधीच नाही.

दुसरी चूक म्हणजे नावातला टंकदोष. ऑप्शनचं नाव चुकलं तर इफडेफ त्याला ‘व्याख्या नसलेला’ समजतो आणि तो कोड कायमचा वगळतो. कसलीही वॉर्निंग येत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक ऑप्शनला नेहमी ० किंवा १ अशी किंमत द्या, इफडेफऐवजी साधा #इफ वापरा आणि जीसीसीला ‘अनडेफ’ची वॉर्निंग चालू करायला सांगा. ती ‘ऑल’मध्ये येत नाही, वेगळी मागावी लागते. कर्नलमध्ये याच कामासाठी स्क्रिप्टच्या फोल्डरात चेककेकॉन्फिगसिम्बॉल्स नावाची पायथनची स्क्रिप्ट आहे; कोडमध्ये वापरलेली पण कुठेच न घोषित केलेली नावं ती शोधून देते.

शक्य तिथे प्रीप्रोसेसरऐवजी सीचा साधा ‘इफ’ वापरा. अट कंपाइलच्या वेळीच ०-१ अशी ठरत असेल तर नको असलेली फांदी ऑप्टिमायझर काढून टाकतो. फायदा असा की ती फांदी निघण्याआधी तिचे टाइप तपासले जातात. कर्नलच्या कोडिंग शैलीतही ‘इज एनेबल्ड’ हा मॅक्रो साध्या ‘इफ’मध्ये वापरायची शिफारस आहे.

कर्नलवर काम करणाऱ्या गटासाठी थोडं जास्त. केकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे ऑप्शन लिहायची आणि निवडायची व्यवस्था, २००२ मध्ये आलं. त्यात ट्रायस्टेट ऑप्शनला तीन किमती असतात: वाय म्हणजे कर्नलमध्येच, एम म्हणजे वेगळं मॉड्यूल, एन म्हणजे नाही. एम निवडलं की मूळ नावाची व्याख्या होतच नाही. नावापुढे ‘मॉड्यूल’ जोडलेलं दुसरं नाव तयार होतं. नुसत्या इफडेफवर विसंबलेला कोड वायला चालतो आणि एमला गपचूप गायब होतो. ‘इज एनेबल्ड’ दोन्ही नावं तपासतो.

‘डिपेंड्स ऑन’ आणि ‘सिलेक्ट’ यांतला फरक तर पाठ करून ठेवा. डिपेंड्स ऑन म्हणजे अमुक नसेल तर हा ऑप्शन मेनूत दिसणारच नाही. सिलेक्ट म्हणजे हा घेतला की तो दुसरा जबरदस्तीने चालू. सिलेक्ट त्या दुसऱ्याच्या स्वतःच्या अटी बघत नाही. तिकीटयंत्रात ‘कार्ड सिलेक्ट नेटवर्क’ लिहिलं आणि नेटवर्क स्वतः ‘डिपेंड्स ऑन मोडेम’ असेल, तर मोडेम नसतानाही नेटवर्क चालू होतं. केकॉन्फिग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि बिल्ड लिंकच्या वेळी मोडतो. मेनूत न दिसणारे आणि स्वतः कशावरही अवलंबून नसलेले मदतनीस ऑप्शनच सिलेक्ट करावेत. बाकी ठिकाणी डिपेंड्स ऑन.

कोणती कॉन्फिगरेशन तपासायची

चोवीस असतील तर सगळी तपासा, प्रश्नच मिटला. तरी प्रोजेक्टमध्ये निवडीची पद्धत करून बघायची असते, म्हणून चोवीसांतून काही निवडू. जोडीची पद्धत अशी: कुठल्याही दोन ऑप्शनच्या शक्य असलेल्या चारही स्थिती निवडलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये कुठे ना कुठे यायलाच हव्यात. सहा निर्णयांच्या १५ जोड्या आणि ६० स्थिती. त्यांतल्या चार नियमांमुळे अशक्य आहेत: नेटवर्क नसताना यूपीआय, नेटवर्क नसताना कार्ड, छोट्या पडद्यावर यूपीआय, आणि रोख व नेटवर्क दोन्ही नसणं. उरलेल्या ५६ या सहा यंत्रांत बसतात:

१. रोख, मोठा पडदा
२. रोख, सवलत, छोटा पडदा
३. कार्ड, नेटवर्क, छोटा पडदा
४. यूपीआय, नेटवर्क, सवलत, मोठा पडदा
५. रोख, यूपीआय, कार्ड, नेटवर्क, मोठा पडदा
६. रोख, कार्ड, नेटवर्क, सवलत, छोटा पडदा

चौथी अशक्य स्थिती नियमांच्या यादीत कुठेच लिहिलेली नाही. ती ‘किमान एक भरणा’ आणि नेटवर्कचे दोन नियम एकत्र आल्यावर तयार होते, आणि हाताने यादी करताना नेमकी तीच सुटते. म्हणून यादी पीआयसीटी किंवा एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या एसीटीएस या प्रोग्रामकडून करून घ्या. दोन्ही फुकट मिळतात. पीआयसीटीच्या फाइलमध्ये प्रत्येक ऑप्शनची एक ओळ आणि खाली ‘इफ-देन’ स्वरूपात नियम लिहायचे. सांगितलं नाही तर ते जोड्याच धरतं; त्रिकूट हवं असेल तर ऑर्डर ३ द्यावी लागते.

जोड्यांची पद्धत किती स्वस्त पडते याचा अंदाज सहसा येत नाही. कुठलेही नियम नसलेल्या एक हजार हो-नाही ऑप्शनच्या सगळ्या जोड्या चौदा कॉन्फिगरेशनमध्ये बसतात. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे.

आता चूक कशी सापडते आणि कशी निसटते ते बघू. तिकीट ७० रुपयांचं, सवलतीने ३५. सवलतीचं मॉड्यूल छापायच्या रकमेला निम्मं करतं, पण यूपीआयचं मॉड्यूल क्यूआर कोडसाठी मूळ भाडं उचलतं. तिकिटावर ३५, क्यूआरमध्ये ७०. सवलत एकटी तपासली, बरोबर. यूपीआय एकटं तपासलं, बरोबर. दोन्ही एकत्र आल्याशिवाय चूक दिसत नाही, आणि चौथ्या यंत्रात ती सापडते.

ती दुरुस्त झाली. नंतर यूपीआयच्या मॉड्यूलमध्ये सोय आली: थोडे पैसे रोख, बाकीचे यूपीआयने. प्रवाशाने २० रुपये रोख दिले तर उरले पाहिजेत ३५ वजा २०, म्हणजे १५. कोडने आधी ७० मधून २० वजा केले आणि मग निम्मे केले: २५. ही चूक दिसायला रोख, यूपीआय आणि सवलत तिन्ही एकदम हवेत. वरच्या यादीत शोधा: चौथ्यात रोख नाही, पाचव्यात सवलत नाही. सहाही यंत्रं पास आणि प्रवाशाकडून दहा रुपये जास्त. उपाय दोन. एक तर सगळीकडे त्रिकुटं तपासायची, म्हणजे यादी वाढते. नाहीतर एकाच रकमेला हात लावणारी फीचर कोडमधून हेरायची आणि तेवढ्यांचंच त्रिकूट सातवं यंत्र म्हणून यादीत घालायचं. प्रोजेक्टला दुसरा उपाय घ्या, कारण त्यासाठी कोड वाचावा लागतो. एनआयएसटीच्या संशोधकांनी वैद्यकीय उपकरणं, ब्राउझर, सर्व्हर अशांमधल्या चुका तपासल्या तेव्हा बहुतेक एका किंवा दोन घटकांमुळे उद्भवणाऱ्या निघाल्या, आणि सहापेक्षा जास्त घटक एकत्र यावे लागणारी एकही सापडली नाही.

‘रँडकॉन्फिग चालवलं की झालं’ असं म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात. रँडकॉन्फिग वाईट नाही, पण त्याची निवड सगळीकडे सारखी पडत नाही. ते एकेका ऑप्शनला नाणं उडवतं, आणि ज्याची अट पुरी झाली नाही त्याची पाळीच येत नाही. तिकीटयंत्रात यूपीआयला आधी नेटवर्कचं नाणं सरळ पडावं लागतं, मग मोठ्या पडद्याचं, मग स्वतःचं: आठात एक. चोवीस यंत्रांत मात्र यूपीआय आठांमध्ये आहे, म्हणजे तिघांत एक. अटींच्या साखळीत खोलवर असलेलं फीचर रात्रभर चाललेल्या रँडकॉन्फिगमध्येही एकदा-दोनदाच डोकं वर काढतं. रँडकॉन्फिग वापरलंत तर केकॉन्फिग सीड (नाणेफेक ज्यावरून सुरू होते तो आकडा) छापतं, तो लॉगमध्ये राहू द्या. तोच सीड ‘केकॉन्फिग_सीड’मध्ये दिला की त्याच सोर्सवर तेच कॉन्फिगरेशन पुन्हा मिळतं. काही ऑप्शन खिळवून बाकीचे उडवायचे असतील तर त्यांची फाइल ‘केकॉन्फिग_ऑलकॉन्फिग’मध्ये द्या.

बिल्ड आणि टेस्ट चालवताना

एका बिल्डला चार मिनिटं आणि टेस्टला दोन धरली तर चोवीस यंत्रांना १४४ मिनिटं, सहांना ३६. हे गणित पहिल्याच आठवड्यात मांडा आणि लॅबच्या वेळेत काय बसतं ते ठरवा.

प्रत्येक कॉन्फिगरेशनला वेगळं बिल्ड फोल्डर हवंच. एकाच फोल्डरात फ्लॅग बदलून मेक पुन्हा चालवलं तर मेक फाइलींच्या वेळा बघतो, फ्लॅग बघत नाही. सोर्स बदललेलं नाही म्हणून जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच राहतात आणि अर्धं यंत्र एका कॉन्फिगरेशनचं, अर्धं दुसऱ्याचं असं लिंक होतं. चालवताना क्रॅश झालं आणि कोडमध्ये कारणच सापडलं नाही तर आधी फोल्डर पुसून बिल्ड करा. निम्म्या वेळा चूक तिथेच संपते. कर्नलची बिल्ड पद्धत कोणती फाइल कुठल्या ऑप्शनवर अवलंबून आहे ते स्वतः टिपून ठेवते. तुमची हाताने लिहिलेली मेकफाइल तसं करत नाही.

टेस्टही कॉन्फिगरेशनप्रमाणे बदलतात. यूपीआय नसलेल्या यंत्रात यूपीआयची टेस्ट वगळायची, पण तिची नोंद ‘वगळली’ अशीच झाली पाहिजे. ‘पास’ म्हणून नाही. शेवटी तक्ता करा: प्रत्येक टेस्ट किती कॉन्फिगरेशनमध्ये खरोखर चालली. एखाद्या टेस्टपुढे शून्य आलं तर मेलेलं फीचर, टंकदोष किंवा चुकीची अट, तिघांपैकी एक नक्की.

चूक सापडली की कॉन्फिगरेशन लहान करत न्या. पाचवं यंत्र नापास झालं तर कार्ड बंद करून बघा. अजून नापास? मग कार्डाचा संबंध नाही. रोख बंद करा. पास झालं? रोख लागते, परत चालू करा. दर वेळी यंत्र नियमांत बसतंय ना ते सॉल्व्हरला विचारा, नाहीतर अशक्य यंत्रातली चूक शोधत दुपार जाते. अहवालात लिहायचं ते लहान झालेलं कॉन्फिगरेशन, सोर्सचा गिट कमिट, कॉन्फिगरेशनची फाइल आणि सीड. ‘.कॉन्फिग’ फाइल हाताने साफ करू नका; त्यात हॅशने सुरू होणाऱ्या ‘इज नॉट सेट’ या ओळी कॉमेंटसारख्या दिसल्या तरी केकॉन्फिग त्या वाचतं. त्या पुसल्या तर ते ऑप्शन ‘बंद’ऐवजी ‘न ठरलेले’ होतात आणि पुढच्या वेळी डिफॉल्टवर जातात.

जुने फ्लॅग

प्रोजेक्टमध्ये चालू-बंद करायचे तात्पुरते फ्लॅग ठेवले असतील तर त्यांचं भिजत घोंगडं होऊ देऊ नका. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या कंपनीने ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त गमावले. नव्या कोडसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. पूर्वी तोच फ्लॅग ‘पॉवर पेग’ नावाचा कोड चालू करत असे. त्याचा वापर २००३ मध्येच बंद झाला होता, पण तो सर्व्हरवरून काढलेला नव्हता. आठांपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठव्यावर जायचा राहिला. फ्लॅग लागला तेव्हा सात सर्व्हरनी नवं काम केलं आणि आठव्याने नऊ वर्षं पडून असलेलं जुनं. नावं तीच, किंमत तीच, अर्थ दोन.

म्हणून फ्लॅगची एक साधी मजकूर फाइल ठेवा: नाव, कशासाठी, कुणी घातला, कधी काढायचा. काढायची तारीख उलटली की बिल्ड थांबवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. आणि एकदा वापरून काढलेलं नाव पुन्हा दुसऱ्या कामाला देऊ नका, कितीही समर्पक वाटलं तरी.

बारा आठवडे

पहिले दोन आठवडे विषय, ऑप्शनची यादी आणि कागदावरचं मॉडेल. तिसरा आठवडा सॉल्व्हर आणि मोजणी. हाताचा आकडा आणि मशीनचा आकडा शेजारी लिहून गाइडना दाखवा. पुढचे चार कोड. त्यानंतर एक आठवडा फक्त बिल्डच्या स्क्रिप्टला द्या, कारण तिथे अंदाजापेक्षा जास्त वेळ जातो. नववा आणि दहावा आठवडा निवडलेली कॉन्फिगरेशन चालवायला आणि चुका लहान करायला. अकराव्यात मुद्दाम दोन चुका पेरा, एक जोडीची आणि एक त्रिकुटाची, त्याही दुसऱ्या गटाकडून, आणि तुमची यादी कोणती पकडते ते नोंदवा. बाराव्यात अहवाल. त्यात न सापडलेली चूकही लिहा, ती कोणत्या यंत्रात दिसली असती त्यासकट.